वेताळाचा प्रश्न : 'ही बायको कोणाची?'

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. मंत्रतंत्र, प्रेम आणि दोघातिघांचा एकत्र संसार, हा विषय देवीच्या गावात कशाला, असंही कोणाच्या मनात आलं असेल. म्हणून तो कुठून आला ते आधी सांगतो.

आजची कॉलेजातली मुलं-मुली मोबाइलवर जे वाचतात, त्यात एका प्रकारची कादंबरी फार चालते. तिच्यात जादूटोणा असतो, मेलेली माणसं उठतात, कोणी अर्धा माणूस आणि अर्धा पिशाच्च असतो. नायिकेचं प्रेम एकावर नसतं, दोघांवर किंवा तिघांवर असतं. आणि शेवटी ती त्यांतल्या कोणालाच सोडत नाही. सगळे एकमेकांच्या माहितीनं आणि संमतीनं एकत्र राहतात. या तऱ्हेच्या नात्याला पॉलिअमरी म्हणतात. फसवणूक, लपवाछपवी असेल तर ती पॉलिअमरी नव्हे, ते साधं लफडं. फरक संमतीचा आहे, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

हा शब्दही फार जुना नाही. अमेरिकेतल्या मॉर्निंग ग्लोरी झेल या बाईंनी 1990 मध्ये 'ग्रीन एग' नावाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला, तिथून त्याचा प्रसार सुरू झाला. हे नियतकालिक निसर्गपूजा आणि जादूविद्या मानणाऱ्या एका पंथाचं होतं. म्हणजे या नात्याचा आणि मंत्रतंत्राचा शेजार शब्दाच्या जन्मापासूनच आहे.

घरातली मोठी माणसं म्हणतात, हे खूळ बाहेरचं. शब्द बाहेरचा आहे, कबूल. पण स्मशान, मंत्राची पोथी, एक बाई आणि तिच्यावर जीव टाकणारे तीन पुरुष, एवढं सामान घेऊन गोष्ट रचायची कला आपल्या गोदावरीच्या काठी फार पूर्वी नांदून गेली आहे. आज आम्ही तिचा इतिहास सांगणार आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या जुन्या कथेनं हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि दरवेळी नात्याच्या एखाद्या शब्दाला धरून उत्तर दिलं. जिथं शब्द संपला, तिथं कथा गप्प झाली. तिचं ते गप्प होणं आपण नीट ऐकलं पाहिजे.

तुमच्या गंगाखेड तालुक्यातून गोदावरी वाहते. तिला आपण गंगाच म्हणतो. याच गंगेच्या वरच्या अंगाला पैठण आहे, म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. परंपरा सांगते की तिथल्या सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. एकदा राजा आपल्या राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून संस्कृतात म्हणाली, आता पाणी उडवू नका. 'मा उदकैः' यांचा संधी 'मोदकैः' होतो. राजाला संधी कळला नाही. त्यानं मोदकांची ताटं मागवली! राणी हसली आणि राजा खजील झाला. मग त्याला संस्कृत शिकवायचं कोणी, यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत शिकवतो. पैज गुणाढ्य हरला आणि शब्द दिल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून रानात गेला.

रानात त्याला पैशाची भाषा मिळाली, पिशाच्चांची म्हणून ओळखली जाणारी. त्या भाषेत त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. सहा लाख श्लोक जळाले. उरलेला एक लाख राजानं धावत येऊन वाचवला. ही झाली दंतकथा. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. पण तिच्यावरून रचलेले ग्रंथ आहेत: नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा श्लोकसंग्रह, काश्मीरच्या क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी आणि त्याच काश्मीरच्या सोमदेवाचा कथासरित्सागर.

वाचलेल्या त्या एक लाख श्लोकांत गोष्ट कोणाची होती? नरवाहनदत्ताची. हा वत्सदेशच्या उदयन राजाचा मुलगा. त्याला विद्याधरांचा चक्रवर्ती व्हायचं आहे. विद्याधर म्हणजे आकाशात उडणारे, रूप बदलणारे, मंत्रविद्या जाणणारे लोक. वाटेत त्याला एकामागून एक बायका मिळत जातात आणि प्रत्येकीबरोबर काही ना काही विद्या, नाहीतर एखादं राज्य. म्हणजे जादू आहे, प्रेम आहे आणि अनेकांचा संसारही आहे. मोबाइलवरच्या कादंबरीचं सगळं सामान इथं मांडलेलं आहे.

याच घराण्यातला एक ग्रंथ आपल्याला भाषेनं अधिक जवळचा आहे. संघदासगणी या जैन साधूंचा 'वसुदेवहिंडी'. तो महाराष्ट्री प्राकृतात आहे, जी आपल्या मराठीची पूर्वज मानली जाते. नावातली 'हिंडी' म्हणजे आपलं हिंडणं. कृष्णाचा बाप वसुदेव तरुणपणी घर सोडून हिंडतो आणि जाईल तिथं त्याचं लग्न लागतं. प्रकरणाला 'लंभ' म्हणतात, लंभ म्हणजे प्राप्ती. बहुतेक लंभांना त्यात मिळालेल्या मुलीचंच नाव आहे. अमकीचा लंभ झाला, आता तमकीचा.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी. या ग्रंथांत अनेकांवर प्रेम करण्याची मुभा आहे, पण ती पुरुषाला. बायकांची संमती कधी कधी दिसते. उदयनाची राणी वासवदत्ता राज्य वाचावं म्हणून आपण जळून मेलो असं जाहीर होऊ देते आणि नवऱ्याचं लग्न पद्मावतीशी होऊ देते. भासाच्या नाटकात तर त्या लग्नाची माळही तिलाच गुंफावी लागते. ती संमती आहे खरी, पण मंत्र्यानं आखलेल्या राजकारणाला दिलेली. तिच्या सुखाचा विचार त्या आखणीत कुठंच नाही.

आणि भाषा काय सांगते पाहा. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला मराठीत शब्द आहे: सवत. तो संस्कृतातल्या 'सपत्नी'वरून आला. आता बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याला शब्द सांगा. नाही ना सापडत? दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांचे साडू, दोन भावांच्या बायका जावा, मुलामुलीचे बाप व्याही. इतकी बारीक नाती मोजणाऱ्या आपल्या भाषेत ही एक जागा मोकळी आहे. संस्कृतात 'सपत्नी'वरून पुल्लिंगी शब्द बनला, 'सपत्न'. त्याचा अर्थ शत्रू! एका पुरुषाच्या दोन बायका एका घरात राहतील, भांडतील, जुळवूनही घेतील. एका बाईच्या दोन पुरुषांना मात्र भाषेनं आधीच वैरी ठरवून टाकलं.

तरी कथा भाषेपेक्षा धीट असते. तिनं उलटी बाजूही तपासून पाहिली. त्यासाठी तिला प्रेताच्या तोंडून बोलावं लागलं.

सोमदेवानं कथासरित्सागर लिहिला तो इसवी सन 1063 ते 1081 च्या दरम्यान, काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी. त्याच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या पंचवीस गोष्टी येतात. आपण लहानपणी ऐकलं की राजा विक्रम उज्जैनचा. सोमदेवाकडे तसं नाही. तिथं राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि त्याचं राज्य गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे वेताळ ज्याच्या पाठीवर बसला, तो राजा आपल्या पैठणचा.

चौकट तुम्हाला माहीत आहे. क्षान्तिशील नावाचा एक साधू दहा वर्षं रोज राजाला एक फळ देतो. एक दिवस फळ फुटतं आणि आत रत्न निघतं. साधू म्हणतो, मला स्मशानात एक मंत्र साधायचा आहे, झाडाला टांगलेलं प्रेत आणून दे. राजा प्रेत खांद्यावर घेतो. त्यात वेताळ असतो. तो वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. राजा बोलतो आणि वेताळ परत जातो.

यातल्या कित्येक गोष्टींचा शेवटचा प्रश्न एकच असतो: ही बायको कोणाची?

दुसरी गोष्ट घ्या. मंदारवती नावाची ब्राह्मणाची मुलगी. तिला तीन तरुण मागणी घालतात. बाप ठरवत नाही, कारण एकाला दिली तर बाकीचे दोघं जीव देतील. तेवढ्यात ती तापानं मरते. एक तरुण स्मशानात खोपटं बांधून तिच्या राखेवर झोपू लागतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो. त्याला एका घरी मेलेलं जिवंत करणारी मंत्राची पोथी मिळते. ती तो पळवून आणतो, राखेवर मंत्र टाकतो आणि मंदारवती उठून बसते. तिघं भांडायला लागतात. वेताळ विचारतो, ती कोणाची?

राजाचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. ज्यानं जिवंत केलं तो बाप झाला, कारण त्यानं जन्म दिला. ज्यानं अस्थी गंगेत नेल्या तो मुलगा झाला, कारण ते मुलाचं काम. जो राखेला मिठी मारून झोपला, तोच नवरा. पाहा काय केलं राजानं. तिघं तिच्यावर सारखंच प्रेम करत होते, ते त्यानं नाकारलं नाही. दोघांना फक्त वेगळ्या नात्यात बसवलं. बाप, मुलगा, नवरा. प्रत्येकाला खुर्ची मिळाली आणि भांडण मिटलं. मंदारवती जिवंत होऊन समोर बसलेली आहे, पण बाई, तुझं काय म्हणणं, असं तिला ना ते तिघं विचारतात, ना राजा, ना वेताळ.

सहावी गोष्ट याहून अवघड. धवल नावाचा धोबी आणि त्याची बायको मदनसुंदरी. तिचा भाऊ त्यांना गौरीच्या जत्रेला घेऊन चाललेला असतो. वाटेतल्या देवळात धवल देवीपुढं स्वतःचं शीर कापून वाहतो. शोधायला गेलेला मेहुणाही तेच करतो. मदनसुंदरी गळफास घ्यायला निघते तेव्हा देवी म्हणते, शिरं धडांना लाव, दोघं उठतील. घाईत ती अदलाबदल करते. नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर, भावाचं डोकं नवऱ्याच्या धडावर. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, शीर हे सगळ्या अवयवांत श्रेष्ठ, माणसाची ओळख शिरानं, म्हणून ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा.

पुढच्या काळात सांगणाऱ्यांना भावाचं धड पचलं नाही. त्यांनी भावाच्या जागी मित्र आणला. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांनी 1940 मध्ये या गोष्टीवर छोटी कादंबरी लिहिली, तिच्यातही मित्रच आहे. गिरीश कार्नाडांनी त्यावरून 'हयवदन' हे कन्नड नाटक लिहिलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी रंगभूमीवर उभं केलं. कार्नाडांनी मोठं धाडस केलं. त्यांच्या पद्मिनीला एकाची बुद्धी आणि दुसऱ्याचं शरीर दोन्ही हवं आहे, आणि शिरांची अदलाबदल ही चूक होती की तिची इच्छा, याचा संशय त्यांनी जागा ठेवला. द्रौपदीसारखं तिघांनी एकत्र राहावं का, असा विचारही नाटकात निघतो. पण पुरुषांना ते जमत नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि पद्मिनी सती जाते. 'सपत्न' म्हणजे शत्रू, हा जुना शब्दार्थ विसाव्या शतकातल्या नाटकातही खरा ठरला.

आणि ज्या सूर्यमती राणीच्या करमणुकीसाठी सोमदेवानं हे सगळं लिहिलं, तिचं काय झालं? नवऱ्याशी आणि मुलाशी चाललेल्या राजकारणात तिचं घर फाटलं. 1081 मध्ये अनंतानं आत्महत्या केली आणि सूर्यमती त्याच्या चितेवर चढली, असं कल्हणाची राजतरंगिणी सांगते.

देवळात कापलेलं शीर म्हटल्यावर तुमच्या गावात एकच नाव मनात येणार. तुमची रेणुकामाता. महाभारताच्या वनपर्वात तिची कथा आहे. ती नदीवर स्नानाला गेली. तिथं चित्ररथ राजा आपल्या बायकोबरोबर जलक्रीडा करत होता. रेणुकेचं मन क्षणभर विचलित झालं, एवढंच. तिनं त्याला हाक मारली नाही, ती त्याच्याजवळ गेली नाही. जमदग्नीनं चेहऱ्यावरून ओळखलं आणि मुलांना आज्ञा केली, हिला मारा. चौघांनी ऐकलं नाही, पाचव्या परशुरामानं आईचं शीर उडवलं. मग बापाकडून वर मागितला की आई उठावी आणि मेल्याची आठवण तिला राहू नये.

गुणाढ्याच्या गोष्टीत पाण्यात खेळणाऱ्या राजाच्या अनेक राण्या होत्या आणि त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. रेणुकेनं तसा खेळ नुसता पाहिला तर शीर गेलं. दोन्ही कथा पाण्याकाठच्याच आहेत, पण माप वेगळं आहे. मात्र लोकांनी जमदग्नीचा निवाडा जसाच्या तसा घेतला नाही. माहूरला देवीच्या मुखाचीच पूजा होते. ज्या चेहऱ्यावर अपराध वाचला गेला, तोच चेहरा लोकांनी शेंदूर लावून गाभाऱ्यात बसवला आणि त्याला आई म्हटलं. दक्षिणेतल्या कथांत तर रेणुकेचं आणि मातंगीचं शीर अदलाबदल होऊन दोन देव्या होतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 1978 च्या 'लज्जागौरी' या ग्रंथात या देवीपरंपरेचा फार खोल शोध घेतला आहे. आमचा मुद्दा त्यातला लहानसा आहे. शास्त्राच्या निवाड्यापुढं लोकांची श्रद्धा निराळा निवाडा देऊ शकते, आणि तुमचं गाव तो दर नवरात्रात देतं.

परत वेताळाकडे येऊ. पंधराव्या गोष्टीत मूलदेव नावाचा धूर्त एक गुटिका देतो. ती तोंडात धरली की पुरुषाची बाई होते, काढली की परत पुरुष. मनःस्वामी नावाचा तरुण ती तोंडात धरून शशिप्रभा या राजकन्येच्या अंतःपुरात सखी म्हणून राहतो आणि रात्री तिचा नवरा होतो. पुढं मंत्र्याच्या मुलाचं मन या 'सखी'वर बसतं आणि त्याचं तिच्याशी लग्न लागतं. मंत्र्याच्या मुलाला आधीची बायको आहे. म्हणजे ती सवत झाली! नवरा तीर्थयात्रेला जातो, घरात दोघी सवती राहतात, आणि एका रात्री एक सवत तोंडातली गुटिका काढते. इकडे शशिप्रभेला राजा रीतसर मूलदेवाच्या मित्राला, शशीला देऊन टाकतो. वेताळ विचारतो, शशिप्रभा कोणाची बायको? राजा म्हणतो, चोरून लग्न करणाऱ्याची नव्हे. बापानं ज्याला सर्वांसमक्ष दिली, त्याची.

म्हणजे राजाचं माप आता आपल्याला कळलं. बापानं कोणाला दिली, शीर कोणाचं, काम कोणत्या नात्याचं. प्रेम मोजायला त्याच्याकडे तराजूच नाही.

संमतीचं बोललो होतो. तिची गोष्ट दहावी आहे. मदनसेना या वाण्याच्या मुलीवर धर्मदत्त नावाचा तरुण जीव टाकतो. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं असतं. त्याच्या धाकानं ती वचन देते, लग्नानंतर आधी तुझ्याकडे येईन. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला सगळं खरं सांगते. नवरा म्हणतो, जा. वाटेत दागिन्यांनी मढलेली ती चोराला सापडते. चोर तिची हकीकत ऐकून म्हणतो, जा, परत येईपर्यंत मी इथंच थांबतो. धर्मदत्ताकडे पोचते, तर तोही म्हणतो, तू दुसऱ्याची झालीस, जा. परतताना चोर तिला दागिन्यांसह घरी पोचवतो. वेताळ विचारतो, तिघांत उदार कोण? राजा म्हणतो चोर. नवऱ्याला कळलं होतं की हिचं मन दुसरीकडे आहे, म्हणून त्यानं सोडली. धर्मदत्ताला सकाळी राजाच्या शिक्षेची भीती होती. चोराला काहीच कारण नव्हतं.

उत्तर चलाख आहे. पण मोजणीत पुरुष तीनच. जी खरं बोलली, रात्री एकटी गेली आणि परत आली, ती स्पर्धेतच नाही. नवऱ्यानं परवानगी दिली की नाही, हाच प्रश्न. मंडळी, हे फक्त कथेतलं नव्हे. भारतीय दंड संहितेच्या कलम 497 मध्ये परस्त्रीशी संबंध हा गुन्हा ठरायचा तो तिच्या नवऱ्याची संमती नसेल तर. त्याची संमती असली तर गुन्हाच नाही. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. बाई म्हणजे नवऱ्याची वस्तू नव्हे, असा त्यामागचा विचार. मदनसेनेचा प्रश्न सुटायला इतकी वर्षं लागली.

आता शेवटची गोष्ट. एक राणी आणि तिची मुलगी संकटात सापडून जंगलातून चाललेल्या असतात. शिकारीला आलेले बाप आणि मुलगा त्यांची पावलं पाहतात, एक मोठं आणि एक लहान. ठरतं की मोठं पाऊल आईचं असणार, ती बापाची, आणि लहान पाऊल मुलाची. भेटल्यावर कळतं की मोठं पाऊल मुलीचं! शब्द दिलेला, म्हणून बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. दोघींना मुलं होतात. वेताळ विचारतो, राजा, ही मुलं एकमेकांची कोण?

राजा गप्प. काका म्हणावं की भाचा, मामा म्हणावं की पुतण्या? कुठलाही शब्द लावला तरी दुसरा शब्द तो खोटा पाडतो. तेवीस वेळा फाडफाड बोललेला त्रिविक्रमसेन प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालत राहतो. आणि वेताळ प्रसन्न होतो. तो राजाला सांगतो की साधू तुझाच बळी देणार आहे आणि त्यातून सुटायचं कसं. राजाचा जीव त्याच्या उत्तरांनी वाचला नाही. ज्या नात्याला शब्द नाही, त्यापुढं तो थांबला, म्हणून वाचला.

या गोष्टी मराठी छापखान्यात लवकर आल्या. वैजनाथशास्त्र्यांची 'सिंहासन बत्तिशी' 1814 मध्ये बंगालात श्रीरामपूरला छापली गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळ पंचविशी' 1830 ची. म्हणजे मराठी गद्याचं बोट धरायला जे पहिले आले, त्यांत वेताळ आहे. नंतर 'चांदोबा' मासिकानं वेताळाला घराघरात नेलं, पण चौकट जुनी आणि आतल्या गोष्टी बहुतेक नव्या. 1985 मध्ये दूरदर्शनवर विक्रम-बेताल आला. हळूहळू वेताळ लहान मुलांचा झाला आणि त्याचा जुना प्रश्न मोठ्यांनीही सोडून दिला.

प्रश्न सुटला म्हणून सोडला असता तर हरकत नव्हती. पण आपल्याच भागाचा इतिहास बघा. मुंबई प्रांतानं हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला 1946 मध्ये बंदी घातली. तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा इथं लागू नव्हता. 1955 चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा नवरा किंवा बायको हयात असताना दुसरं लग्न करायला आपल्याकडेही मनाई झाली. चांगलं झालं. पण कायद्यानं लग्न रद्द ठरतं, माणूस रद्द होत नाही. मूल होत नाही, मुलगा होत नाही, म्हणून नंतरही दुसऱ्या बायका घरात आणल्या गेल्या. अशा लग्नातल्या मुलांना कलम 16 नं औरस मानलं. 1 सप्टेंबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आईबापांच्या वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाट्यावर त्यांचा हक्कही मान्य केला. मुलांना नाव मिळालं. त्यांच्या आईला कायद्यात पत्नी हे नाव नाही. घरात तिला लोक 'दुसरी' म्हणतात. तीही एका अर्थानं वेताळाच्या शेवटच्या गोष्टीत अडकलेली आहे. तिला आणलं तेव्हा तिची किंवा पहिलीची संमती कोणी नीट विचारली, असं फार थोड्या घरांना सांगता येईल.

म्हणून आम्ही म्हणतो, मुलांच्या मोबाइलवरच्या कादंबरीला घाबरू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. ती वाचताना दोन गोष्टी पाहा. एक, तिच्यातल्या प्रत्येकाला खरंच नाही म्हणता येतं का? भुताखेतांच्या गोष्टीत हे विशेष तपासावं लागतं, कारण वशीकरण केलेल्या माणसाची संमती ही संमती नसते. दुसरी गोष्ट, ती कादंबरी नव्या नात्याला नवा शब्द देते का, की जुन्याच शब्दात कोंबते? नायिका सगळ्यांवर सत्ता गाजवत असेल, तर तो उलटा केलेला नरवाहनदत्तच.

उद्या तुमच्यातली एखादी मुलगी अशी कादंबरी मराठीत लिहायला बसली, तर तिला दूरदेशीचं जंगल शोधायची गरज नाही. गोदावरीचं पात्र आहे, स्मशान आहे, रेणुकेचा मुखवटा आहे, प्रेत खांद्यावर घेतलेला पैठणचा राजा आहे. तिला अडचण येईल ती एकाच ठिकाणी. एका बाईवर जीव असलेले आणि एकमेकांचे वैरी नसलेले दोन पुरुष एकमेकांना काय म्हणून हाक मारतील? हा शब्द आम्हाला सापडलेला नाही. तिथं ती घटकाभर थांबली तरी चालेल. राजाही थांबला होता.

मग मंदारवतीला राखेतून उठवावं आणि वेताळानं यावेळी प्रश्न राजाला न विचारता तिलाच विचारावा. ती काय बोलेल, ते ऐकायला आम्ही पुन्हा या गावात येऊ.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या, आणि आधी बायकांकडून.